कमरेची दोरी

कुणाला खरं वाटणार नाही, पण मलप्पा मास्तरांनी महानंदाला पोहायला शिकवलं ते कोरड्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून, बाजेवर पालथं झोपवून. तरुणपणी मास्तर असे पट्टीचे पोहणारे, की मांजरा नदीतले मासे बाजूला व्हायचे! लातूर नवा जिल्हा झाला अन् पहिली स्पर्धा भरली, दुष्काळात पाणी टिकलेल्या एकमेव बारवेवर. महानंदा खोल पाणी पहिल्यांदाच बघत होती. स्पर्धेत भोपळा चालत नव्हता. मास्तरांच्या मनात आलं, पोरगी बुडाली तर तिच्या आईला काय तोंड दाखवणार? तरी तिच्या कमरेच्या दोरीतून भोपळा सोडवत ते हसले, “बिनधास्त जा. मला तुझी तिळभर काळजी न्हाई.” शिट्टी झाली. महानंदा झेपावली अन् मागं ओढली गेली. वळून ती ओरडली, “खोटं बोलायलाव, मास्तर! काळजी न्हाई, तर दोरी सोडा की!”