चित्राची चार बोटं

चौकट उतरवली तरी चित्र कडेला तुटलेलंच राहिलं. टीव्हीभोवतीची ती लाकडी चौकट फ्रेमवाल्याने स्वतः बसवली होती, मोठ्या हौसेने. पडद्याच्या कोपऱ्यातलं कॉम्प्युटरचं घड्याळ अर्धंच दिसतंय हे लक्षात आलं, तेव्हा त्याला वाटलं आपलीच चौकट कड खातेय. त्याने तिला दोनदा रंधा मारला आणि आज मुकाट्याने काढूनच टाकली. घड्याळ अर्धं ते अर्धंच.

"काढलीस ते बरं केलंस," आरामखुर्चीतून अप्पा म्हणाले. "आता तिथे खिळाबिळा ठोकू नकोस. एक खिळा धड ठोकता येत नाही तुला."

अप्पा म्हणजे त्याचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. हे वाक्य ते गेली बावीस वर्षं म्हणत होते. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात याच हॉलमधला आरसा खाली पडून चक्काचूर झाला होता. आरसा आईच्या माहेरचा. चौकट आणि खिळा मात्र फ्रेमवाल्याचा, नुकत्याच उघडलेल्या दुकानातलं पहिलं काम. आई पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्यानंतर त्याने गावभरच्या भिंतींवर हजारो तसबिरी टांगल्या, एकही पडली नाही. पण स्वतःच्या घरात कॅलेंडर लावायचं झालं तरी शेजारचा शिंपी येऊन खिळा ठोकून जायचा.

आज ताई आली होती. तिच्या नव्या घरासाठी भावाने पुरुषभर उंचीचा आरसा बनवला होता. अप्पांनी तिला बजावलं, "आरसा खुशाल ने. टांगायला मात्र दुसरा माणूस बघ." ताईने मान डोलावली, आणि फ्रेमवाल्याला तेच जास्त लागलं.

"आज निकाल लावूनच टाकू," तो म्हणाला. "खिळा निघाला असेल तर पुन्हा हातोडी धरणार नाही."

निकाल लागायला हरकत नव्हती. समारंभाची जुनी व्हिडिओ कॅसेट त्याच्या मुलीने दोन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरमध्ये भरली होती, कॉम्प्युटर टीव्हीला जोडला होता आणि ती नोकरीच्या गावी परत गेली होती. ती गेली त्या दुपारी अप्पांनी एकट्यानेच सगळं बघून घेतलं. संध्याकाळी बाकीचे बसले, तर आरशाची जागा नेमकी पडद्याबाहेर. धाडकन आवाज व्हायचा, पाहुणे माना वळवायचे आणि उजवीकडून अप्पा आत येऊन गरजायचे, "खिळा कोणी ठोकला?" बस, एवढंच.

आता मुलगी रजेवर आली होती. तिने टीव्हीपुढे उकिडवं बसून निदान केलं. "बाबा, कॉम्प्युटर अख्खं चित्र पाठवतोय. टीव्हीच ते ताणून मोठं करतोय, म्हणून कडा बाहेर जातायत. जुन्या टीव्हींची खोड आहे ही. रिमोट द्या."

"रिमोट कालपासून सापडत नाहीये," अप्पा म्हणाले.

ती टीव्हीच्या मागची बटणं चाचपू लागली. "पण जोडला तेव्हा मी हे बरोबर करून गेले होते. कोणीतरी बदललंय."

सगळ्यांनी फ्रेमवाल्याकडे बघितलं.

"मी हात लावलेला नाही," तो म्हणाला.

"तेव्हाही असंच म्हणाला होतास," अप्पा म्हणाले. "आणि चित्र मोठंच बरं आहे. माझ्या डोळ्यांना तेच सोसतं. राहू दे, पोरी, उगीच बिघडवशील."

पोर ऐकणारी नव्हती. आजोबांवरच गेली होती. मेनूमागून मेनू उघडत तिने 'चित्राचा आकार' शोधला आणि तो 'जसाच्या तसा' करून टाकला. चित्र चारी बाजूंनी आत सरकलं. घड्याळ पूर्ण झालं. फ्रेमवाल्याने सवयीने उजव्या कडेला बोटं लावून मोजलं. चार बोटं जागा नव्याने दिसू लागली होती. बावीस वर्षं तो भांडत आला होता खरा, पण खिळा निघालाच असेल तर, ही धास्ती त्यालाही होतीच.

मुलीने फिल्म लावली. चार बोटांच्या पट्टीत भिंत दिसली, खिळा दिसला, आरशाचा काठ दिसला. मग नव्या कोटाची एक बाही आली. बाहीमागून एक नाक आलं आणि नाकाखाली गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती अशी मिशी. चष्मा नसल्यामुळे असेल, मिशीवाल्याने आरसा दोन्ही हातांनी खिळ्यावरून उचलला आणि नाकाजवळ धरला. एका हाताने मिशीला पीळ दिला. दुसऱ्या हातातून आरसा निसटला.

धाडकन आवाज झाला. पाहुण्यांनी माना वळवल्या. मिशी दोन पावलं टाकून मधोमध आली आणि गरजली, "खिळा कोणी ठोकला?"

मागे भिंतीत खिळा होता तसाच होता, ताठ.

ताईने तोंडाला पदर लावला होता, पण तिचे खांदे हलत होते. फ्रेमवाल्याला रागही आला आणि हसूही आलं, आणि डोळ्यांत पाणी कशाचं आलं ते त्यालाच कळेना.

"अप्पा," तो एवढंच म्हणाला.

अप्पांनी घसा साफ केला. "खिळा चांगला होता," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "ताईचा आरसा तूच टांग." मग मांडीखालून रिमोट काढून त्यांनी मुलाच्या हातात ठेवला.

"आणि ते चित्र आधी परत मोठं कर. तुझी आई बाजारातून यायची वेळ झाली."