तिसऱ्या इंजेक्टरचा आवाज

"आवाज नेमका कसा येतोय, साहेब?" बॉनेटचा दांडा अडकवत जालिंदरने विचारलं.

बंडोपंत त्याच्या ओठांकडे बघत होते. जालिंदरची मिशी दाट, ओठांवर उतरलेली; त्याचं निम्मं बोलणं तिच्यातच अडकायचं. पण मेकॅनिकचा पहिला प्रश्न काय असतो, हे बंडोपंतांना वेगळं ऐकावं लागत नव्हतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं त्यांनी तोच विचारला होता.

"थंड असताना टकटक," ते म्हणाले. "रेस दिली की वाढते, गरम झाली की दबते. इंजेक्टरच आहे. पंप असता तर घरघरला असता."

जालिंदरने आदराने मान हलवली. डिझेलचं काम तो यांच्याच हाताखाली शिकलेला. पुढे नोकरी सोडून त्याने पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. सूसच्या घरापासून इथवर येताना वाटेत गॅरेजांना तोटा नाही, पण बंडोपंतांनी हट्टाने गाडी इथेच आणायला लावली होती. आपला माणूस सांभाळून घेतो, असा त्यांचा विचार. मुलगा दिग्विजय सोबत आला होता आणि हाताची घडी घालून बाजूला उभा होता.

खरी गोष्ट अशी, की बंडोपंतांना तो आवाज एकदाही ऐकू आला नव्हता. आवाजच कशाला, दोन वर्षांपासून त्यांना फारसं काहीच ऐकू येत नव्हतं. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दाराची बेल, मग मागच्या गाडीचा हॉर्न. समोरच्याचे ओठ वाचून ते वेळ मारून नेत. घरात कुणाला बोलले नव्हते, आणि त्याचं कारण होती सात वर्षांची जुईली. नातीला रोज सकाळी कासारसाईकडच्या शाळेत सोडायचं आणि दुपारी घेऊन यायचं, हे काम त्यांचं. बायको गेल्यानंतर उठून आवरावं असं तेवढंच उरलं होतं. कान गेलेत हे कळलं असतं, तर दिग्विजयने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती. त्याचं चुकलं असतं असंही नाही. पण बरोबर काय ते कळणं आणि ते पचणं, यात फार अंतर असतं.

गेल्या रविवारी पोहे खाताना सून जान्हवी म्हणाली, "बाबा, गाडीच्या इंजिनातून कसलातरी आवाज येतोय. डिझेलच्या बाजूने. तुम्हाला आला का?"

खोटं बोल पण रेटून बोल, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

"चांगले पंधरा दिवस येतोय," बंडोपंत म्हणाले. "लक्ष ठेवून आहे मी."

दिग्विजयने चहाचा कप खाली ठेवला. "मग पुढच्या रविवारी दाखवून घेऊ," एवढंच तो म्हणाला.

सोमवारी जुईलीला सोडून आल्यावर बंडोपंतांनी बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवून डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरांना बोटं लावून पाहिली. ठोके एकसारखे. कुठे दणका नाही, कुठे अडखळ नाही. बोटं म्हणत होती, गाडी ठणठणीत आहे. पण जान्हवीचे कान तरुण आणि ही बोटं सत्तरीची. त्यांनी बोटांना गप्प बसवलं आणि आठवडाभर विचार करून एक आवाज नक्की केला. कुठल्या दोषाला काय वाजतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्यातला एक निवडायचा, एवढंच.

जालिंदरने इंजिन चालू केलं आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला. "तुमीच ऐका, साहेब. तुमच्यावानी कान आमच्याकडं कुटनं यायचा?"

हा प्रकार त्यांनीच त्याला शिकवलेला. टोक इंजेक्टरवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. बंडोपंतांनी पहिल्यावर टेकवलं, दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर आणि चौथ्यावर. हाडातून येणारे ठोके चारही ठिकाणी सारखेच. क्षणभर त्यांना वाटलं, सरळ सांगून टाकावं, अरे, यात काही नाहीये. आयुष्यभर गिऱ्हाइकांना त्यांनी असंच खरं सांगितलं होतं. पण पंधरा दिवस येणारा आवाज आता कुठे घालवायचा?

"तिसरा," ते म्हणाले.

जालिंदरने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बराच वेळ ऐकलं. दुसऱ्यावर गेला, परत तिसऱ्यावर आला. मग बॉनेटमध्ये डोकं ठेवूनच काहीतरी बोलला. बंडोपंतांना दिसलं ते फक्त शेवटचं, "...पन तुमी म्हणताय म्हंजे असंल."

त्याने इंजिन बंद करून तिसऱ्याचं कनेक्शन काढलं, पुसलं, परत बसवलं, बोल्ट आवळले आणि गाडी पुन्हा चालू केली.

"आता?"

"गेला," बंडोपंत म्हणाले. "एकदम मोकळी झाली बघ." आणि खरोखरच त्यांना छाती हलकी झाल्यासारखं वाटलं. सुटलो, या भावनेने त्यांना हसूसुद्धा आलं. ते दिग्विजयकडे वळले. "उद्या जुईलीला नेहमीच्या वेळेला सोडतो. तू आपला निवांत ऑफिसला जा."

दिग्विजयने खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. जालिंदर हात पुसत शेडमध्ये निघून गेला. दिग्विजय गाडीला वळसा घालून वडिलांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, तोंडावर उजेड पडेल असा. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करत, सावकाश म्हणाला,

"बाबा, गाडीत आवाज कधीच नव्हता. जान्हवीने ते मुद्दाम विचारलं होतं."