पहिल्याच फटक्यात

धारवाडच्या कॉलेजात वेदश्रीने पायथॉनमध्ये एक खेळ केला होता. संगणक दर वेळी नवा चार आकडी कोड मनात धरणार आणि खेळणाऱ्याने तो ओळखायचा.

"काय अक्का, एवढंच जमलं?" तोंडी परीक्षेला आलेले जयतीर्थ सर सगळ्यांदेखत फिसकन हसले. नापास करायचं ठरवूनच त्यांनी सहज चार आकडे टाकले. पडद्यावर 'कोड बरोबर' असं उमटलं.

सरांनी कॉलर ताठ केली. "दहा हजारांतला एक, तोही पहिल्याच फटक्यात! याला डोकं लागतं." खुशीत पैकीच्या पैकी गुण देऊन ते गेले.

वेदश्रीला शंका आली. तिने आकड्यांऐवजी 'गाढव' असं टाईप केलं.



संगणकाने तेही बरोबर ठरवलं.