निळा ठिपका

"पुन्हा पेढा खाल्लात ना?" इंदुमतीने नवऱ्याचं मनगट धरलं. कातडीखालचा ठिपका पिवळाधमक झाला होता.

साठी उलटलेल्या सगळ्यांनाच तो टोचलेला असे. त्यातल्या पेशी रक्त चाखत. साखर वाढली की ठिपका पिवळा, उपाशी शरीर चरबी जाळू लागलं की निळा. थापा मारायची सोयच उरली नव्हती.

"एवढासा तुकडा होता गं," त्र्यंबकराव पुटपुटले.

"मरणाच्या दारातून परत आलात, विसरलात?" तिने तावातावाने हात उंचावला, तशा बांगड्या कोपराकडे घसरल्या. त्र्यंबकराव बघतच राहिले. तिचा ठिपका गडद निळा होता.

"तू तर जेवले म्हणालीस!"

ती खाली बघू लागली. "तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा देवीला बोलले होते. तुमचा ठिपका सलग तीस दिवस पिवळा झाला नाही, की मगच पोटभर जेवीन. तोवर रात्री फक्त वाटीभर भगर."

त्र्यंबकरावांच्या तोंडातली गोडी कडू झाली. "आज... कितवा दिवस होता?"

बांगड्या पुन्हा मनगटावर ओढत ती म्हणाली, "एकोणतिसावा."