रांगेतला सातवा

म्हाताऱ्या नासेवेमाने समोर ठेवलेल्या निळ्या मक्याच्या पिकीला, त्या कागदासारख्या पातळ भाकरीला, हातही लावला नाही. भाच्याने काढलेल्या चित्रापुढे तो गुडघे टेकून बसला आणि नाक कागदाला लागेल इतका वाकला. चौकात मुखवटे घालून नाचणारे लांब केसांचे बारा काचिना, पाऊस आणणारे देव. दुपारी हे चित्र गावच्या शाळेत लागणार होतं.

"पिसं मोजताय का, मामा?" लोमायेस्वाने विचारलं.

"मोजली. बरोबर आहेत. म्हणूनच शंका येते. तू इतका शहाणा कधीपासून झालास?"

मग त्याचं बोट रांगेतल्या सातव्यावर थांबलं. त्याचा डावा चवडा आत वळलेला होता.

"हा पाय कुणाचा?"

"काचिनाचा."

"मला शिकवतोस? दाजी घोड्यावरून पडले तेव्हा मीच उचलून आणलं होतं त्यांना. बापाला रांगेत उभं केलंस होय रे?"

लोमायेस्वाचा बाप मागच्या हिवाळ्यात गेला. त्याचा एकही फोटो घरात नव्हता.

"काचिना डोंगरावरून पाऊस घेऊन येतात, एवढंच आपण होपी पोरांना सांगतो," म्हातारा आवाज दाबून म्हणाला. "दीक्षा झाल्यावर काय कळायचं ते कळतं. आणि हा पाय गावातलं शेंबडं पोरही ओळखतं! मुखवट्याआड कोण असतं ते भिंतीवर टांगतोस? सरळ कर पाय. माझ्यासमोर."

लोमायेस्वाने ब्रश ओला केला. पाय सरळ झाला की बाप पुन्हा एकदा जाणार होता. त्याचा हात पुढे होईना.

तेवढ्यात त्याची सहा वर्षांची मुलगी पोलिमाना कणसं घेऊन आत आली. चित्र झाकायला दोघेही धडपडले आणि एकमेकांवर आदळले. पोरीने मधूनच मान घातली.

"अगंबाई, आजोबा! पोचले तर." ती वळली. "मेल्यावर काचिनांकडेच जातात ना, बाबा?"

"हो."

"मग तिथे कुणी त्यांचा पाय का नाही बरा केला?"

म्हाताऱ्याने भाच्याकडे रोखून पाहिलं. हे पढवलेलं तर नव्हे? पण भाचाही पोरीकडे थक्क होऊन पाहत होता, आणि पोरगी रडवेली झाली होती. त्याने भाच्याच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि बाजूला ठेवून दिला.

"नाचता येतंय ना त्यांना?" तो तिला म्हणाला. "मग झालं तर."