लांडगिणीचा माळ

धुकं इतकं दाट होतं की पुढे चालणाऱ्या गोजरबाईचं नुसतं लाल लुगडं दिसत होतं, पाय दिसत नव्हते. गुडघाभर वाळलेलं गवत दवानं वाकलं होतं. माळ कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं, ते शैलजाबाईंना कळेना.

शैलजाबाई डोणगावच्या शाळेत शिकवायच्या. दोन वर्षं प्रत्येक सुटीला त्या या माळावर आल्या होत्या. सरकारी कागदात हा माळ 'पडीक' होता, आणि आता एका खदानवाल्यानं तो मागितला होता. माळ संरक्षित म्हणून जाहीर करावा, असा अर्ज बाईंनी वनखात्यासाठी तयार केला होता. गवतं, फुलं, पाखरं, सगळं लिहून झालं होतं. लांडग्यांपाशी मात्र अडलं होतं. चाळीस वर्षं इथं शेळ्या चारणाऱ्या गोजरबाईला त्यांनी बीळ दाखवशील का म्हणून कितीदा तरी विचारलं. दरवेळी ती नाही म्हणायची. काल मात्र ती आपण होऊन शाळेच्या फाटकाशी आली. माळावरच्या दगडांवर कोणी खदानीसाठी चुन्याच्या खुणा करून गेलं होतं. सकाळी लवकर या, एवढंच ती म्हणाली.

शेळ्या खाली उतारावर ठेवून दोघी एका काळ्या दगडाआड बसल्या. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू धुक्यात ऊन उतरलं, गवत आतून उजळलं, आणि त्या उजेडात समोरच्या बिळातून लांडग्याची चार पिल्लं बाहेर आली. एकमेकांच्या शेपट्या धरत, कोलमडत ती खेळू लागली. कसलाच आवाज नव्हता. मग त्यांची आई दिसली. ती कुठून आली, ते कळलंच नाही. तिनं दगडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पिल्लांपाशी आडवी झाली.

शैलजाबाईंनी श्वास रोखून फोटो काढला.

गोजरबाई कुजबुजत सांगू लागली. गेल्या साली या लांडगिणीनंच तिची गाभण शेळी नेली होती. घरी येऊन गोजरबाई दोन दिवस जेवली नव्हती. गावात मात्र तिनं सांगितलं, शेळी नाल्यात पडून मेली.

"का असं सांगितलं?"

"खरं सांगतलं असतं, तं लोकायनं बिळात धूर केला असता."

मग शैलजाबाईंनी दोन वर्षं टाळलेली गोष्ट सांगितली. माळ संरक्षित झाला, तर इथं शेळ्या चारायला कदाचित बंदी येईल. चराई चालू राहावी असं अर्जात लिहिलंय, पण ठरवणार दुसरेच आहेत.

गोजरबाईनं पिल्लांवरची नजर काढली नाही. तशीच तिनं अर्जाचा कागद मागितला. साक्षीदाराच्या जागी, गुडघ्यावर कागद ठेवून, तिनं एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं.

"गोजरबाई, उद्या बंदी आली तर?"

"मी शेळ्या घेऊन इचारत इचारत कुठीबी जाईन, बाई. ही लांडगीन कोनाले इचारन?"

ती उठली, वाकूनच मागे सरली आणि उतारावर जाऊन शेळ्या वळवू लागली. खाली धुकं अजून होतं. शेळ्या त्यात एकेक करून विरघळत गेल्या, मागं त्यांच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या वाजत राहिल्या.

बिळाच्या तोंडाशी एक पिल्लू खेळता खेळता थांबलं, आणि कान टवकारून ऐकू लागलं.