यादीतलं दुसरं नाव

दीक्षानं सरावासाठी नेटवर्किंगच्या क्लासमधून आणलेला राउटर आज रिकामा करून परत द्यायचा होता. पाळण्यात सव्वा महिन्याची लेक झोपली होती. तिच्याबरोबर जन्मलेला मुलगा तासाभरातच गेला होता. उद्या बारसं होतं.

"वैनी, ह्याला भोकं दोनच हायती की," नणंद अक्षता म्हणाली.

"ती केबलची. बाकीचे इंटरफेस, म्हणजे जोडणीची दारं, नुसते नावाचे असतात. आपण नाव दिलं, की आतल्या आत तयार होतात."

"माणसापरीस सोपं हाय मग."

दीक्षानं लॅपटॉपवर राउटरमधल्या इंटरफेसची यादी काढली. केबलच्या दोन्हींखाली तिनं न दिलेली दोन नावं होती. संघमित्रा आणि महेंद्र.

अक्षतानं पडद्यावरच्या नावांवर बोट ठेवलं. "आत्या म्हणून मी ठरवलेलं पोरीचं नाव उद्या कानात सांगायचंतं. आन् दुसरं, पोराचं, तर मी मनातच ठेवलंतं, वैनी."

दीक्षानं महेंद्र पुसायची आज्ञा टाइप केली, पण शेवटचं बटण दाबायला बोट धजेना. तिनं ती आज्ञा खोडली आणि त्या नावाला पिंग केलं. पिंग म्हणजे 'आहेस का?' असं पाचदा विचारणं.

पाच उत्तरं आली.

मग न विचारताच सहावं आलं, आणि दीक्षाला पान्हा फुटला.